खूण : शेवग्याचं झाड, अजून आहे

माझ्या आयुष्यातली पहिली वेबसाइट मी शेजारणीच्या फोनवर उभी केली. कंपनी आमची, सल्ला आमचा, आकाशी पानावर सरकणारी अक्षरं आमची आणि खाली दिलेला नंबर मात्र भिंतीपलीकडच्या मावशींचा. आई म्हणायची, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

शिरूरला आमचं घर पिठाच्या गिरणीसमोर होतं. मावशींचं घर शेजारी. परसात दोन्ही घरांच्या मधे छातीएवढी भिंत आणि त्या भिंतीवर मावशींच्या शेवग्याची अर्धी सावली. दुपारी गिरणीचा पट्टा फटक फटक वाजत राहायचा, पीठ हवेत तरंगायचं, शेवग्याची बारीक पांढरी फुलं आमच्या धुण्याच्या दगडावर पडायची. त्या दुपारी आठवल्या की मला अजून झोप येते. चांगली झोप. तरुणपणाची बरीच वर्षं मी त्या आवाजात अर्धी जागी, अर्धी स्वप्नात काढली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, ते पुढे सांगते.

मावशींकडे फोन होता, आणि तो का होता हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला होता. तेव्हा मी शाळेत होते. मला तो आठवतो तो शेवग्याखाली बसलेला, पुढ्यात कुणाचा तरी उघडलेला रेडिओ, ओठांत स्क्रू धरलेले. दिवसभर तेच. नापास झाला तेव्हा काका, म्हणजे मावशींचे मालक, संतापून म्हणाले, "उद्या हे झाडच तोडतो. म्हंजी बसायला जागाच न्हाई राहणार." दारात शेवगा असू नये, घरात कटकटी होतात, असं आमच्याकडे म्हणतातच, काकांना ते नेमकं त्या दिवशी आठवलं. सकाळी कुऱ्हाड खोडाला टेकवलेली होती आणि पोरगा नव्हता. गावातल्या एकानं त्याला दौंडच्या फलाटावर पाहिलं होतं. दौंडहून गाडीत बसलेला माणूस कुठंही जाऊ शकतो. त्यानं कुठली गाडी धरली हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

काकांनी झाड तोडलं नाही. दोनेक वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं, "मी बरा आहे. काळजी नसावी." पत्ता नाही, टपालाचा शिक्का नुसता शाईचा डाग. काका म्हणाले, त्याला लिहायचा पहिल्यापासून कंटाळा, फोन असता तर केला असता. म्हणून त्यांनी फोनसाठी अर्ज केला. अर्जाचा नंबर लागेपर्यंत वर्षं गेली, फोन आला, आणि त्यानंतर वर्षाच्या आत काकाच गेले. मुलाला तो नंबर माहीत असायचं काही कारण नव्हतं, कारण फोन आला तोच तो गेल्यावर. तरी मावशींनी तो पुढच्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली, परसदाराच्या सरळ रेषेत ठेवला होता. कुठंही असल्या तरी घंटा ऐकू यावी म्हणून.

गल्लीतल्या सगळ्यांचे फोन त्यांच्याकडेच यायचे. मावशी भिंतीवरून नाहीतर दारातून हाक मारायच्या, "ए पोरी, तुझा फोन!" आणि ज्याचा फोन असेल तो हातातलं टाकून धावायचा. नियम एकच होता, दोन मिनिटं. मावशी शेजारी उभ्या राहून दोन बोटं दाखवायच्या. लाइन मोकळी पाहिजे. का, ते कुणी विचारत नव्हतं. गल्लीतल्या एकीला तिच्या भावाचं लग्न ठरल्याची बातमी फोनवर कळली, तीसुद्धा दोन मिनिटांत संपली. नवरीचं गाव विचारायचं राहूनच गेलं.

पुण्याला कम्प्युटरचा डिप्लोमा करताना मला दौंडची एक मैत्रीण मिळाली. तिचे वडील रेल्वेत होते आणि ती घड्याळ न बघता गाड्यांच्या आवाजावरून वेळ सांगायची. दोघींना नोकरी करायची नव्हती, असं आम्ही लोकांना सांगत असू. खरं म्हणजे मिळाली नव्हती. शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यात तेव्हा कारखाने वाढत होते आणि त्यांच्या आडोशानं छोटी वर्कशॉप उभी राहत होती. त्यांनी कम्प्युटर घेतले होते, पण त्यांचं करायचं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी तर कम्प्युटरला रोज हार घालत होते आणि महिनाभर तो सुरू केला नव्हता. आम्ही ठरवलं, अशांना सल्ला द्यायचा. कुठलं मशीन घ्यावं, मालाचा साठा कसा ठेवावा, हजेरी कशी काढावी, व्हायरस आला तर काय. गल्लीला हे पटेना. सल्ला आमच्याकडे पारावर फुकट मिळतो, नको म्हटलं तरी मिळतो.

तरी दोन-तीन कामं झाली. मग कोरेगावच्या एका वर्कशॉपच्या मालकानं, लेथवरचे तेलकट हात पुसत, आम्हाला दारातच विचारलं, "वेबसाइट हाय का तुमची? न्हाई? मंग कसल्या वो तुम्ही कम्प्युटरवाल्या?"

त्याला वेबसाइट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, माझी खात्री आहे. पण शब्द लागला. परतीच्या एसटीतून शिरूरला उतरताना मैत्रीण म्हणाली, "करूच."

पुढचा महिना मी दुपारी कम्प्युटरसमोर काढला. आईनं त्याला फुलाफुलांचं झाकण शिवलं होतं, ते काढलं की काम सुरू. चार पानं करायची होती: पहिलं स्वागताचं, दुसरं कामांचं, तिसरं आमच्याबद्दल, चौथं संपर्काचं. मागे ढगांचं चित्र लावलं, निळ्या आभाळात पांढरे ढग, एकच चौकोन पुन्हा पुन्हा जोडलेला. नीट पाहिलं तर सांधे दिसायचे. मी नीट बघत नसे. खिडकीबाहेर शेवगा, आत पडद्यावर आभाळ, गिरणीचा पट्टा फटक फटक, आणि वाटायचं, हे पान खरंच कुठंतरी वर तरंगणार आहे आणि लांबलांबची माणसं मान वर करून आमची नावं वाचणार आहेत. कुणी हसलं तर हसू दे. मला तेव्हा फार सुखाचं वाटत होतं.

संपर्काच्या पानावर अडलं. फोन नंबर हवा आणि आमच्याकडे फोन नाही. अशा वेळी सगळे करत तेच आम्ही करणार होतो: शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचं. ती दोन अक्षरं कशाची हे कुणी नीट सांगू शकत नसे, पण अर्थ सगळ्यांना कळायचा. हा फोन दुसऱ्याचा आहे, गोड बोला आणि बोलवून घ्या. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर असायचं तसं आता वेबसाइटवर. असली कल्पना आमच्याच भागातल्या माणसाला सुचावी.

मी भिंतीवरून विचारलं, "मावशी, तुमचा नंबर आमच्या वेबसाइटवर टाकू का?"

त्या ताटात शेवग्याची फुलं निवडत होत्या. "कशावर?"

"एक पान असतं. कम्प्युटरवर दिसतं. कुणालाही, कुठूनही."

"कुठनंबी?"

"कुठूनही. मुंबई, दिल्ली, परदेशातूनसुद्धा."

त्यांचा हात ताटातच थांबला. "म्हंजी त्यालाबी दिसंल."

तेव्हा मी सांगायला हवं होतं की मावशी, दिसायला त्यानं शोधायला पाहिजे, शोधायला त्याला कळायला पाहिजे, आणि या जगात पानं किती आहेत याची तुम्हाला कल्पना नाही. मी म्हणाले, "दिसू शकेल."

"रेडिओ उघडत व्हता त्यो," त्या म्हणाल्या. "रेडिओ उघडणारा कम्प्युटरबी उघडणारच की." मग थोडा वेळ विचार करून, "पर नुसत्या नंबरावरनं त्याला कसं कळंल आपलं घर हाय म्हणून? खूण लिही. झाड लिही."

"लिहिते. शेवग्याच्या झाडाशेजारी."

"तसं नगं. त्याला वाटत असंल त्याच्या बापानं झाड तोडलं. लिही, झाड अजून हाय."

मैत्रिणीला मी ते सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. कन्सल्टन्सीच्या साइटवर झाड? आणि वर 'अजून आहे'? गिऱ्हाइकाला काय करायचंय ते आहे की नाही याच्याशी? मी तिला मुलाची गोष्ट सांगितली. मग तिनंच ती ओळ टाइप केली. साइट इंग्रजीत होती आणि मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर गेली की त्यांचं भलतंच काहीतरी व्हायचं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. खूण : शेवग्याचं झाड, अजून आहे. पानाच्या पोटात, जिथलं फक्त शोधणाऱ्या यंत्रांना वाचता येतं, तिथं तिनं शिरूर आणि घोडनदी अशी दोन्ही नावं घातली. आमच्या गावाला जुनी माणसं घोडनदीच म्हणतात, तो काय म्हणत असेल सांगता येत नव्हतं.

साइट वर चढवायची तर इंटरनेट हवं, आणि ते मैत्रिणीच्या ओळखीच्या सायबर कॅफेत, दौंडला, स्टेशनपासून दोन मिनिटांवर. मी चारही पानं भरलेली फ्लॉपी हातरुमालात गुंडाळून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि न्हावरे, चौफुला करत एसटीनं निघाले. भीमेच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली पाणी होतं आणि पाण्यात ढग होते, माझ्या पानावरच्यासारखेच, फक्त यांना सांधे नव्हते. डबा मी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सांडतंय का गं काय?"

कॅफेत तीन मशीन होती आणि एक पंखा. फाइली एक एक करून जायला तास लागला. मग मैत्रिणीनं पत्ता टाइप केला आणि आम्ही बघत बसलो. आधी नुसता राखाडी पडदा. मग वरून ढग उतरायला लागले, एक पट्टी, दुसरी पट्टी. मग आमचं नाव. बाहेर स्टेशनवर कुठल्यातरी लांबच्या गाडीची घोषणा चालली होती, तिच्यात उत्तरेकडची गावं होती, आणि मला वाटलं, आमचं पानही त्या गाडीत बसून निघालंय. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला होता. तो अजून तसाच आठवतो, घामेजलेला.

साइटला खाली एक आकडा होता, किती लोक येऊन गेले ते सांगणारा. आणि एक अभिप्रायाची वही, फुकटात मिळणारी, जिच्यात कुणीही दोन ओळी लिहून जावं. तेव्हा सगळेच लावायचे, म्हणून आम्हीही लावली.

मावशींना त्या आकड्याचं भारी वेड लागलं. मी दौंडहून आले की त्या भिंतीशी उभ्याच असायच्या. "किती आली माणसं?" मी सांगायचे, चाळीस. पुढच्या खेपेला त्रेपन्न. खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे मी. कॅफेत बसून मी ते पान उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे, आकडा वाढावा म्हणून. मावशींना घरी जाऊन काहीतरी सांगायला हवं ना. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एवढी माणसं दारावरनं जात्यात, आन् कुणी हाक कशी मारीना?"

फोन येत होते, आमचे. मावशी चोख निरोप घ्यायच्या. "त्या पोरी शिक्रापूरला गेल्यात, कम्प्युटरला ताप आलाय कुणाच्या तरी," असं त्यांनी एका कारखान्याच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी ते पुढे वर्षभर सगळ्यांना ऐकवलं. झाडाबद्दलही त्यांनी विचारलं होतं, की ही काय भानगड. मी म्हटलं, पत्त्याची खूण आहे साहेब, तुम्ही आलात तर चुकणार नाही.

हळूहळू काम वाढलं आणि आम्ही शिक्रापुरात एक खोली भाड्यानं घेतली. खाली हार्डवेअरचं दुकान, समोर हायवे, दिवसभर ट्रकच्या धक्क्यानं टेबलावरचा चहा थरथरायचा. तिथं आमचा स्वतःचा फोन आला, नंतर इंटरनेटही आलं. नवी कार्डं छापली. साइटवर नवा नंबर वर घातला, आणि मावशींचा खाली तसाच ठेवला, पी.पी. आणि झाडासकट. मैत्रीण म्हणाली, काढायचा नाही. मीही म्हटलं, नाहीच. तो आमचा नंबर नव्हताच, तो मावशींचा होता. आम्हाला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं.

मग त्याच काळात कधीतरी टेलिफोन खात्यानं सगळ्या नंबरांच्या पुढे एक दोनाचा आकडा लावला. जुना नंबर काही दिवस चालेल, मग फक्त नवा. शिक्रापूरच्या फोनचं मी लगेच केलं: कार्डं, साइट, दारावरची पाटी. रविवारी घरी गेले तर मावशी म्हणाल्या, "आपल्याबी नंबराला दोन लागलंय म्हणं. ते तिकडं लाव हां पोरी." मी म्हटलं, लावते.

पुढच्या कधीतरी रविवारी त्यांनी विचारलं, "लावलंस ना?"

मी "हो" म्हणाले. लावलं नव्हतं. त्याच आठवड्यात लावणार होते. दोन मिनिटांचं तर काम. मग एका वर्कशॉपचं मशीन बंद पडलं, मग मैत्रिणीचं लग्न ठरलं, मग ती नगरला गेली आणि सगळं माझ्या एकटीवर आलं. कारणं सांगायला बसले तर पुष्कळ आहेत. एकही पुरत नाही.

दीड वर्षानं एका नव्या गिऱ्हाइकानं सहज म्हटलं, "मॅडम, तुमच्या साइटवर खाली जो नंबर हाय ना, त्यो लागत न्हाई बरं का."

तो गेल्यावर मी साइट उघडली. ढग, नाव, संपर्क. जुना नंबर, दोनाशिवाय, पी.पी. खूण : शेवग्याचं झाड, अजून आहे. मी तिथल्या तिथे दोन लावला. मग मला ती अभिप्रायाची वही आठवली. मैत्रीण गेल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती. तिच्यात जाहिराती साचल्या होत्या, कुणी कुणी नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, आणि त्या कचऱ्यात, सात महिन्यांपूर्वीच्या तारखेला, इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ होती.

"फोन लागत नाही. शेंगा येतात का?"

नाव नाही. पत्ता नाही. मी ती ओळ किती वेळा वाचली माहीत नाही. खाली ट्रक जात होते आणि टेबल थरथरत होतं. त्यानं शोधलं होतं. इतक्या मोठ्या जगात, इतक्या पानांत त्यानं ते पान शोधलं होतं, दार वाजवलं होतं, आणि मी त्या दाराला बाहेरून कडी घालून आरामात चहा पीत बसले होते. मला माझी इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

सांगावं की नाही, याचा विचार शिक्रापूर ते शिरूर एसटीत करत होते. न सांगता भागलं असतं. नंबर दुरुस्त झालाच होता. पण मावशी भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांनी सवयीनं विचारलं, "किती आली माणसं?" आणि मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. दोन लावलं नव्हतं ते, "हो" म्हणाले होते ते, आणि ती ओळ.

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला चार शब्द सुनावतील. ते मला हवंही होतं. त्यांनी भिंतीवर पडलेली फुलं हातानं बाजूला सारली, आणि म्हणाल्या, "म्हंजी बघितलं त्यानं." मग, "पुन्यांदा म्हण, काय लिवलंय."

मी म्हटलं. त्यांनी ते ओठांत म्हणून पाहिलं.

"उद्या दौंडला जाऊ," त्या म्हणाल्या.

"मावशी, आता शिक्रापूरहून पण लिहिता येतं."

"न्हाई. दौंडलाच. तिथनंच गेला त्यो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. भीमेच्या पुलावर त्यांनी पाण्याला हात जोडले. दौंडला उतरल्यावर मात्र त्या कॅफेकडे न येता स्टेशनबाहेरच्या एसटीडी बूथपाशी थांबल्या. "आपला जुना नंबर लावून दे."

"तो लागत नाही मावशी."

"व्हय. म्हणूनच. त्याला काय ऐकू आलं ते मला ऐकायचंय."

मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. आतून बाईचा तो गोड, कोरडा आवाज मलाही ऐकू येत होता. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मावशींनी तिन्ही भाषांत शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा ऐकलं. मग रिसीव्हर ठेवून पदरानं तोंड पुसलं.

"त्याला वाटलं असंल, घरच राह्यलं न्हाई," त्या म्हणाल्या. "झाड हाय आन् घर न्हाई."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं, "चल, उशीर नगं." एवढंच. त्या कडू बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कॅफेत मी पान उघडलं. मावशींनी ते पहिल्यांदाच पाहिलं. ढग पट्टीपट्टीनं उतरताना त्या खुर्चीच्या टोकाला बसून बघत राहिल्या, आणि मला वर्षांपूर्वीची ती घामेजलेली दुपार आठवली. "आभाळ हाय की सगळं," त्या म्हणाल्या. मग वही उघडली, त्याच्या ओळीवर बोट ठेवून मी वाचून दाखवलं. त्यांनी पडद्यावर त्या ओळीवरून तळहात फिरवला.

"काय लिहू?"

"मीच लिवते. तू बोट दाव."

मी अक्षर दाखवायचे, त्या ते दाबायच्या, दर वेळी माझ्याकडे बघून. खाली मान घालून कुणी स्वेटर विणावा तितक्या सावकाश. त्यांनी लिहिलं, शेंगा येतात. आणखी काही, मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. तुझे आबा गेले, हे लिहू का, असं त्या मला नाही, स्वतःलाच विचारत होत्या. "नगं," त्या म्हणाल्या. "ते असं न्हाई सांगायचं. फोनवर सांगंन." मग मी नवा नंबर टाकला, दोनासकट, आणि त्यांनी शेवटचं बटण दाबलं.

"गेलं?"

"गेलं."

बाहेर स्टेशनात गाडी लागली होती. येताना आम्ही फलाटावर थोडं थांबलो. मावशींनी दोन्ही बाजूंचे रूळ बघून घेतले, जिथं ते नजरेआड होतात तिथपर्यंत, आणि मग आम्ही एसटीला गेलो.

त्यानंतर मी रोज ती वही बघायचे. नवं काही आलं नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. मावशींनी आकडा विचारायचं सोडून दिलं होतं. गल्लीत आता बऱ्याच घरी फोन आले होते, भिंतीवरून हाका येणं जवळजवळ बंद झालं होतं. तरी कुणी चुकून त्यांच्याकडे फोन करायला गेलंच, तर दोन बोटं होतीच.

शेंगांचे दिवस होते. रविवार दुपार. मी परसात धुण्याच्या दगडावर बसले होते, गिरणीचा पट्टा वाजत होता, डोळे मिटत होते. पलीकडे फोन वाजला. कुणाचा असेल म्हणून मी हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. मावशींचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"व्हय... व्हय रं... न्हाई, न्हाई तोडलं. त्यांनी हात बी लावला न्हाई त्याला..."

मी जागची उठले नाही. मोठ्यानं श्वासही घेतला नाही. मग बराच वेळ पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, आणि मला कळलं की आता त्या त्याला काकांचं सांगताहेत, किंवा सांगून झालंय आणि दोघं नुसतेच फोन धरून आहेत. शेवग्याची एक शेंग भिंतीवर घासत हलत होती. नंतर पुन्हा मावशींचा आवाज सुरू झाला, मग त्या हसल्या, आणि बोलतच राहिल्या. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती.